शिकलेल्या पेशी

"काकू, तुम्हालाही हाच आजार होता," डॉक्टर फातिमा मुजावर म्हणाल्या. "आणि थोडाथोडका नाही. चांगली तीसेक वर्षं."

उज्ज्वलाताई शिरगुप्पे मिरजेच्या एका रुग्णालयात आल्या होत्या त्या लेकीच्या, ऋजुताच्या सोबतीला. मागच्या खेपेला ऋजुताची तपासणी चालली असताना डॉक्टरांनी 'घरातल्या बायकांचंही रक्त पाहायचंय' म्हणून त्यांचीही एक कुपी भरून घेतली होती. त्या ते विसरूनही गेल्या होत्या. आज दोघींना बोलावलं तेव्हा त्यांना वाटलं, जे काही सांगायचं ते ऋजुताबद्दलच असणार.

"मला?" त्या म्हणाल्या. "नाही हो. मला तसलं काही नव्हतं."

"पाळीत दुखायचं?"

"ते सगळ्यांनाच दुखतं."

"किती दुखायचं?"

वयाची साठी उलटेपर्यंत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. त्या पर्सचा पट्टा नीट करत बसल्या.

"मी शाळेतून यायचे तेव्हा तू कधी कधी ओट्याला कपाळ टेकून उभी असायचीस," शेजारी बसलेली ऋजुता हळूच म्हणाली. "मला वाटायचं, खाली काहीतरी पडलंय आणि तू ते शोधतेयस."



आजार ऋजुताचा होता, निदान आजवर तसंच सगळे समजत होते. गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं, गर्भ राहिला नाही की सुटतं आणि पाळीवाटे बाहेर पडतं. काही बायकांमध्ये तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशांवर, आतड्यांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर रुजतात. महिना भरला की त्याही फुगतात, त्यांतूनही रक्त झरतं. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, व्रण होतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. एंडोमेट्रिओसिस हे त्याचं नाव. ऋजुताला ते नाव कळायला पंचविशी उलटली होती. त्याआधी कोणी तिला अपेंडिक्स सांगितलं, कोणी पित्त, आणि कोल्हापूरच्या एका मोठ्या डॉक्टरांनी 'लग्न करून टाका, बरं वाटेल' असं सांगितलं होतं.

लग्न झालं, बरं काही वाटलं नाही. दोनदा दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही वेळा सहा-आठ महिने बरे गेले आणि दुखणं परत आलं. बीजकोशांवरच्या गाठी कापताना त्यांच्याबरोबर निरोगी बीजंही जातात, त्यामुळे तिसऱ्यांदा चाकू लावायला डॉक्टर मुजावर राजी नव्हत्या. पाळी बंद ठेवणारी औषधं होती, पण ती चालू असेपर्यंत मूल शक्य नाही. शरीराबाहेर गर्भ तयार करून आत ठेवण्याचा प्रयत्न दोनदा झाला, दोन्ही वेळा गर्भ रुजला नाही. आता दोन गर्भ गोठवून ठेवले होते. बीजकोशांतून आणखी बीजं मिळतील याची आशा जवळजवळ संपली होती. ऋजुताचा नवरा अभिनंदन चौगुले सांगलीच्या तंत्रनिकेतनात शिकवायचा. तो म्हणायचा, "आपण दत्तक घेऊ, मला खरंच चालेल." ऋजुता म्हणायची, "घेऊ. पण आधी मला धड उभं तर राहू दे. मूल कडेवर घ्यायला कंबर लागते."

"आता मुद्द्याचं सांगते," डॉक्टर म्हणाल्या. त्या वयाने ऋजुताएवढ्याच असतील. बोलताना हातातलं पेन उघडायच्या आणि मिटायच्या. "आपल्या अंगात साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही शिरलं की त्या ते खाऊन टाकतात. पण हा आजार म्हणजे घरचाच चोर. पेशी आपल्याच, फक्त चुकीच्या जागी. राखणदार त्यांच्यावर भुंकत नाही. पाळी थांबली की आजार निवतो, पण जुने व्रण आणि चिकटलेलं बहुतेकींच्या पोटात तसंच राहतं. काही थोड्या बायकांच्या पोटात मात्र आता काहीच सापडत नाही. सगळं स्वच्छ. गेल्या काही वर्षांत कळलं की त्यांच्या राखणदारांना चोर ओळखता यायला लागलेला असतो. वर्षानुवर्षं झुंजून त्या पेशी शिकलेल्या असतात. आणि हे शिक्षण हाडांतल्या मगजात, मूळ पेशींमध्ये उतरतं. तिथून पुढे जन्माला येणारी प्रत्येक पेशी शिकलेलीच निघते."

"आणि तशा माझ्यात आहेत?"

"तुमच्यात आहेत तशा मी अजून कोणात पाहिलेल्या नाहीत. त्यांच्यावरच्या खुणांवरून त्या किती काळ झुंजल्या तेही सांगता येतं. म्हणून तीस वर्षं म्हटलं."

"मग त्या हिला द्यायच्या?"

"आईच्याच देता येतात. तुम्ही ऋजुताला पोटात वाढवलंत तेव्हा तुमच्या काही पेशी वारेतून तिच्यात गेल्या आणि अजून तिच्यात आहेत. प्रत्येक आईच्या असतात. त्यामुळे तिचं शरीर तुम्हाला पाहुणी समजत नाही. दुसऱ्या कोणाच्या पेशी घातल्या तर ते त्यांना हाकलून देईल."

परतीच्या वाटेवर दोघी कृष्णेवरच्या अंकलीच्या पुलाकडे निघाल्या होत्या. गाडी आपली आपण चालत होती, ऋजुताचे हात मांडीवर मोकळे होते. पुलावर आल्यावर उज्ज्वलाताई म्हणाल्या, "म्हणजे ते सोंग नव्हतं."

"कोण म्हणत होतं सोंग?"

"कोण नव्हतं?" त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

उज्ज्वलाताई वीज कंपनीच्या कार्यालयात कारकून होत्या. कामाला वाघ, पण महिन्याचे काही दिवस रजा ठरलेली. 'शिरगुप्पे बाईंचा सण आला' असं मागे बोललं जायचं, कधी कधी पुढेही. घरी सासूबाई म्हणायच्या, आमच्या वेळी आम्ही शेतात जायचो. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं तेव्हा कुंभोजच्या डोंगरावरच्या देवस्थानाच्या पायऱ्या किती वेळा चढल्या त्याला हिशेब नाही. त्यांतल्या काही तर त्याच दिवसांत, ओटीपोटावर पदर घट्ट आवळून. नवरा भला माणूस होता. तो कधी बोलला नाही, पण त्याने कधी विचारलंही नाही. मग ऋजुता झाली आणि तिच्यानंतर पुन्हा कोणी झालं नाही. हळूहळू उज्ज्वलाताईंनीही मनाशी ठरवून टाकलं की आपण मुळातच जरा आळशी आहोत. इतर बायका सहन करतात, आपल्याला जमत नाही. हा समज त्यांनी इतकी वर्षं बाळगला होता की आता तो सोडायचा म्हणजे अंगावरचा जुना दागिना उतरवल्यासारखं मोकळंमोकळं आणि चुकल्यासारखं वाटत होतं.

जयसिंगपूरला नवव्या गल्लीत घरी आल्यावर त्यांना वाटलं, हे कोणाला तरी सांगावं. ज्यांना सांगायचं त्यांतलं कोणीच उरलं नव्हतं. सासूबाईंच्या फोटोसमोर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांना उगाच वाटलं, कुणास ठाऊक, ही शेतात कशी जायची. हिला तरी कोणी विचारलं होतं का.

पेशी द्यायच्या आधी पाच-सहा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. हाडांतल्या मूळ पेशी त्याने रक्तात उतरतात. मांड्या, पाठ, छातीची हाडं आतून ठणकत. परिचारिका रोज विचारायची, "आजी, किती दुखतंय? शून्य ते दहा?"

"काही विशेष नाही," उज्ज्वलाताई सांगायच्या. ऋजुता बाजूला बसून आईच्या पायांची बोटं बघायची. ती आवळलेली असायची.

मग एका सकाळी त्यांना एका खुर्चीत बसवलं. एका दंडातून रक्त यंत्रात जायचं, हव्या त्या पेशी बाजूला निघायच्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या दंडातून परत यायचं. त्या पेशी काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवल्या आणि प्रत्येक पेशीत एक कळ बसवली. पुढे काही बिघडलंच तर एक ठरावीक गोळी दोन दिवस घेतली की त्या सगळ्या आपोआप मरतील. ऋजुताला त्या शिरेवाटे दिल्या तेव्हा पिशवीत दिसलं ते एवढंसं गढूळ पाणी. पन्हं ढवळल्यावर तळाशी राहतं तसं.

"हीच मी?" उज्ज्वलाताईंनी विचारलं.

"थोडीशी," डॉक्टर म्हणाल्या.

एक गोष्ट डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवली होती. ह्या पेशी गर्भाशयाच्या बाहेरचं अस्तर खातात, आतलं सोडतात, एवढं प्रयोगांत दिसलं होतं. पण गर्भ राहिला की आतलं अस्तर पार बदलतं. तेव्हा त्या काय करतील हे कोणालाच माहीत नव्हतं. उपचार घेतलेल्यांपैकी अजून कोणाला दिवस गेले नव्हते. ऋजुताने ते ऐकून घेतलं, अभिनंदनशी बोलली आणि सही केली.

पावसाळा सरून नदीचं पाणी उतरलं तसा तिच्यात फरक दिसायला लागला. ती पाटबंधारे खात्यात होती. कृष्णेचा तळ दर वर्षी कुठे भरतो, कुठे खचतो ते मोजून पुराचा अंदाज बांधणं हे तिचं काम. मोजणी करणाऱ्या यंत्रनावा बहुतेक आपल्या आपण फिरायच्या, पण पुलाखाली आणि वळणांवर माणूस लागायचा. आजवर तिथे ती इतरांना पाठवायची आणि स्वतः पडद्यासमोर बसायची. एका दुपारी तिचा फोन आला.

"आई, मी अंकलीच्या पुलाखाली आहे. येतेस?"

"का गं, काय झालं?"

"काही झालं नाही. ये तर."

उज्ज्वलाताई रिक्षा करून गेल्या. घाटावर उभ्या राहिल्या तर मधल्या खांबापाशी नाव, आणि नावेत गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली ऋजुता. तिने आईला हात केला, नाव काठाशी आणली आणि नाव थांबायच्या आतच काठावर उडी मारली.

"अगं, जपून."

"आज पाळीचा दुसरा दिवस आहे," ऋजुता म्हणाली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. "सकाळपासून नावेत आहे. जेवायची वेळ झाली तेव्हा आठवलं की आज दुसरा दिवस आहे. आई, मी विसरले होते."

उज्ज्वलाताईंनी तिच्या पायाला लागलेला चिखल पाहिला. पदराने तो पुसावा असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी खरंच पुसला. ऋजुताने पुसू दिला. नावेतला तिचा सहकारी भला होता, तो पाण्याकडे बघत राहिला.

त्यानंतर वर्षभराने डॉक्टरांनी पहिला गर्भ ठेवला. तो रुजला नाही.

"माझ्या पेशींमुळे?" उज्ज्वलाताईंनी डॉक्टरांना एकटीने फोन करून विचारलं.

"सांगता येत नाही, काकू. निम्म्याहून जास्त गर्भ असेही रुजत नाहीत. त्यांनी केलं असेल, नसेलही."

"पण असेल."

"असेल," डॉक्टर म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत.

आता एकच गर्भ उरला होता. डॉक्टरांनी दोन वाटा समोर ठेवल्या. एक, आहे तसंच पुढे जायचं. दुसरी, गोळी घेऊन उज्ज्वलाताईंच्या पेशी आधी मारून टाकायच्या, मग गर्भ ठेवायचा. पोट आता स्वच्छ आहे, काही महिने तरी स्वच्छ राहील, तेवढ्यात दिवस जातील. पुढे आजार परत येण्याची शक्यता मात्र मोठी. आणि एकदा मारलेल्या पेशी पुन्हा देता येत नाहीत. शरीर दुसऱ्या खेपेला त्यांना ओळख दाखवत नाही.

रविवारी ऋजुता आणि अभिनंदन जयसिंगपूरला आली. उज्ज्वलाताईंनी भडंग केलं होतं. परात मध्ये ठेवून तिघं स्वयंपाकघरातच खाली बसली. बोलायचं काय ते तिघांनाही माहीत होतं. परात अर्धी झाली.

"गोळी घे," शेवटी उज्ज्वलाताई म्हणाल्या. "त्यात विचार कसला करायचा?"

"आई—"

"माझ्या पेशींचं काय एवढं. मेल्या तर मेल्या. नऊ महिने तुला पाळी नाही. पुढे अंगावर पाजशील तोवर नाही. दोन वर्षं तर अशीच निघतील."

"आणि मग?"

"मगचं मग. मूल मांडीवर आलं की बाई सगळं विसरते."

"तू विसरलीस?" ऋजुताने विचारलं.

उज्ज्वलाताईंनी परातीतल्या शेंगदाण्यांना बोट लावलं. एक उचलला, पुन्हा ठेवला. अभिनंदन उठून पाणी घेऊन आला आणि त्यांच्या शेजारी बसला.

"आई, मी एक बोलू?" तो म्हणाला. "ही आता सकाळी उठते ना, ती आधी आळस देते. पूर्वी आधी श्वास रोखून बघायची, आज कुठे दुखतंय. मी झोपल्याचं सोंग करून रोज ते बघायचो. मला ते परत बघायचं नाही. मूल नाही झालं तरी."

"तुम्ही आज असं म्हणता," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "दहा वर्षांनी?"

"दहा वर्षांनीही हीच असेल ना घरात."

ऋजुताने आईचा हात धरला. "मला मूल हवंय," ती म्हणाली. "फार हवंय, तुला माहीत आहे. पण त्यासाठी पुन्हा त्या ओट्याला कपाळ टेकून उभं राहायचं नाही मला. तू उभी राहिलीस. माझ्यासाठीच उभी राहिलीस, ते मला कळतं. तुझ्यासमोर दुसरी वाटच नव्हती. माझ्यासमोर आहे. आई, तू तीस वर्षं झुंजून जे कमावलंस ते तू मला दिलंस. ते मी गोळी घेऊन मारू? नाही मारणार. त्यांच्यासकट जे होईल ते होईल."

"आणि त्यांनीच खाल्लं तर?" उज्ज्वलाताई म्हणाल्या. "माझ्याच पेशींनी तुझं लेकरू खाल्लं तर मी कुठे तोंड दाखवू?"

"मला दाखव," ऋजुता म्हणाली. "मी तुझ्याकडेच येईन रडायला."

अभिनंदनने परात पुढे सरकवली आणि तिघांनी उरलेलं भडंग संपवलं.

गर्भ ठेवला, आणि ह्या खेपेला तो रुजला. अभिनंदनने फोन करून सांगितलं तेव्हा उज्ज्वलाताई "बरं झालं" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवून देवापुढे जाऊन बसल्या. मागायला गेल्या तर नेमकं काय मागावं ते सुचेना. दुसऱ्या कोणापासून राख म्हणता येतं, माझ्यापासून राख असं देवाला कसं म्हणायचं?

त्या सांगलीला लेकीकडे जायच्या बंद झाल्या. ऋजुता फोन करायची, तर कधी पापड करायचे असायचे, कधी बस्तीत, जैन मंदिरात, विधानाची पूजा असायची, कधी गल्लीतल्या कोणाचं काही. आपण जवळ गेलो तर त्या पेशींना आपली चाहूल लागेल असा एक वेडा विचार त्यांच्या मनात घर करून बसला होता. वेडा आहे हे त्यांना समजत होतं. तरी जायच्या नाहीत. डबे मात्र पाठवायच्या.

चौथा महिना लागला तेव्हा ऋजुताच गाडी घेऊन दारात आली. "ऊठ. आज पोटाचं चित्र काढायचंय. डॉक्टरांनी तुलाही बोलावलंय."

"मी कशाला?"

"त्यांना तुझ्याशी बोलायचंय, आणि मलाही. चल."

एमआरआयच्या मोठ्या चुंबकी यंत्रात ऋजुताला निजवलं होतं. उज्ज्वलाताईंच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवताना त्यांच्यात लोहाचे अतिसूक्ष्म कण भरले होते, आणि जुन्या पेशी मेल्या की त्यांच्यातलं लोह नव्या पेशी वेचून घेत. त्यामुळे चित्रात त्या बारीक काळ्या ठिपक्यांसारख्या दिसत. आधीच्या चित्रांमध्ये ते ठिपके पोटभर विखुरलेले असायचे. आज डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला तेव्हा उज्ज्वलाताईंना आधी बाळ दिसलं, अंगठ्याएवढं डोकं आणि दुमडलेले पाय. मग वार दिसली, आणि वारेच्या कडेकडेने, जिथे ती आईच्या अंगात रुजते तिथे, दाट काळे ठिपके.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काकू, बघा," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरू नका. गेल्या महिन्यातही तिथेच होत्या. मी तेव्हा सांगितलं नाही, मलाच खात्री नव्हती. त्या जमल्यात, पण तिथे सूज नाही. खाल्ल्याची खूण नाही. वारेचा रक्तपुरवठा चांगला आहे, किंबहुना ऋजुताच्या आधीच्या तब्येतीकडे पाहता मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगला."

"मग तिथे काय करतायत त्या?"

डॉक्टरांनी पेन मिटलं. "ठाऊक नाही. जे वाटतं ते सांगते, पण ते फक्त माझं वाटणं आहे. राखणदार पेशी प्रत्येक बाईच्या गर्भाशयात गर्भारपणी येतात, वारेला रुजायला जागा करून देतात. तुमच्या अंगाने हे काम एकदा केलेलं आहे. ऋजुता तुमच्या पोटात होती तेव्हा ती अर्धी तुमची होती, अर्धी तुम्हाला परकी, आणि तरी तुमच्या अंगाने तिला ठेवून घेतलं. सगळं पोट आजाराने पेटलेलं असताना ठेवून घेतलं. आम्ही फक्त एवढंच पाहत होतो की तुमच्या पेशी मारायला शिकल्या आहेत. कदाचित त्या दुसरंही काही शिकल्या असतील. कदाचित. मी हे लिहीन तेव्हा हा शब्द ओळीओळीला लिहीन. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही."

उज्ज्वलाताई पडद्याजवळ गेल्या. काळे ठिपके हलत नव्हते. स्थिर चित्रच होतं ते. बराच वेळ त्या बघत राहिल्या. काचेपलीकडे ऋजुता यंत्रातून बाहेर आली, उठून बसली आणि तिने आईकडे पाहून भुवया उंचावल्या. काय म्हणतात? उज्ज्वलाताईंनी हात वर केला. ठीक आहे. आणि मग त्यांना रडू आलं, ते अगदी खुर्चीत बसून, हातांत तोंड धरून. डॉक्टर मुजावर बाहेर गेल्या नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसून राहिल्या.

त्या दिवसापासून उज्ज्वलाताई सांगलीला राहायलाच गेल्या.

मुलगी झाली, थोडी लवकर, पण आवाज खणखणीत. पुढे आणखी काही जणींना अशा उपचारानंतर दिवस गेले. काहींचे टिकले, काहींचे नाहीत, आणि डॉक्टर मुजावरांचा 'कदाचित' अजून 'कदाचित'च आहे. पण मिरजेत एक बदल मात्र सगळ्यांना दिसला. त्या विभागाबाहेरच्या बाकांवर आता लेकींबरोबर आया बसू लागल्या. जत, आटपाडी, निपाणीकडच्या, साठीच्या, सत्तरीच्या. कोणी काष्टा नेसलेली, कोणी गुडघ्याला पट्टा बांधलेली. ज्यांच्या दुखण्याला घरी कोणी दुखणं म्हटलं नव्हतं, त्यांचं रक्त आता तपासायला लागायचं, आणि तरुण डॉक्टर त्यांच्यासमोर बसून विचारायचे, कधीपासून, कुठे, किती. काही जणींच्या पेशी शिकलेल्या निघायच्या. बहुतेकींच्या निघायच्या नाहीत. पण विचारलं सगळ्यांनाच जायचं, आणि सांगायला बसल्या की त्या लवकर उठत नसत.

पण हे सगळं नंतरचं. बाळाच्या बारशाच्या आदल्या दिवशी सांगलीच्या घरात फुलांच्या पाट्या येऊन पडल्या होत्या. बाळ सकाळपासून किरकिर करत होतं, आणि उज्ज्वलाताई तिला खांद्यावर घेऊन खोलीत येरझारा घालत होत्या. ऋजुता गादीवर बसून फुलं ओवत होती.

"आई, हिलाही झालं तर?" तिने एकदम विचारलं. "तुला होतं, मला होतं."

"झालं तर पहिल्याच महिन्यात ओरडून घर डोक्यावर घेईल," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "आत्ता बघ ना, ऐकतेय का कोणाचं."

ऋजुता हसली. बाळ पुन्हा रडायला लागलं. उज्ज्वलाताईंनी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. दुसऱ्या फेरीत कमरेत एक कळ आली, नेहमीची, वयाची. नेहमीप्रमाणे त्या दारापाशी क्षणभर थांबल्या, श्वास आवरला, पुढचं पाऊल टाकायला निघाल्या, आणि टाकलं नाही.

"ऋजुता," त्या म्हणाल्या, "माझी कंबर दुखतेय."

असं वाक्य त्यांनी ह्या घरात, कुठल्याच घरात, पूर्वी म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर त्यांना जरा लाजल्यासारखं झालं.

ऋजुताने सुई फुलांत खोचून ठेवली. तिने आत हाक मारली, अभिनंदन हात पुसत आला आणि त्याने बाळ घेतलं. ऋजुताने भिंतीशी उशी लावली. "कुठे दुखतंय? इथे? की खाली?"

"जरा डावीकडे."

"खूप?"

उज्ज्वलाताईंनी नीट विचार केला. "बरीच," त्या म्हणाल्या, आणि उशीला टेकून बसल्या. आत बाळ रडत होतं, अभिनंदन तिला काहीतरी बेसूर गाऊन दाखवत होता. त्यांचे हात बाळ घ्यायला शिवशिवले. त्या उठल्या नाहीत.